बोकेरिनीचे क्विंटेट ऐकताना कान पहिल्या चेलोवर ठेवा

1955 च्या ‘द लेडीकिलर्स’ या ब्रिटिश चित्रपटातले दरोडेखोर तंतुवाद्यांच्या तालमीचं सोंग आणतात आणि बंद खोलीत ग्रामोफोनवर एक रेकॉर्ड लावून ठेवतात. ती असते लुइजी बोकेरिनीच्या (1743–1805) मिन्युएटची, म्हणजे तीन मात्रांच्या एका दरबारी नृत्यधूनची. बहुतेकांची या संगीतकाराशी ओळख त्या एका मिन्युएटपाशी सुरू होते नि तिथेच संपते. वास्तविक दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं) आणि दोन चेलो (बसून वाजवायचं, आणखी खर्जातलं वाद्य) एवढ्या वाद्यांसाठी त्याने शंभराच्या आसपास क्विंटेट (पाच वाद्यांच्या रचना) लिहिले.

दोन चेलोंचं कारण साधं आहे. इटलीतल्या लुक्का गावचा हा चेलोवादक 1770 पासून स्पेनच्या राजाचा भाऊ डॉन लुईस याच्या पदरी होता. तिथे फोंत कुटुंबाची चार तंतुवादकांची चौकडी आधीपासून होती आणि तिच्यात चेलो होताच. बोकेरिनी पाचवा म्हणून येऊन बसला. खालचे सूर दुसरा चेलो सांभाळतो, त्यामुळे पहिला चेलो मोकळा होतो आणि थेट व्हायोलिनच्या उंचीवर जाऊन गातो. मोत्सार्टच्या क्विंटेटमध्ये जादा वाद्य व्हिओला असतं, त्यामुळे तिथला रंग निराळा.

आधी हवी ती रचना नेमकी शोधा. ओपस क्रमांकावर, म्हणजे रचनांना दिलेल्या अनुक्रमांकावर, विसंबू नका. बोकेरिनीने स्वतःच्या यादीत दिलेले क्रमांक आणि पॅरिसच्या प्रकाशकांनी छापलेले क्रमांक जुळत नाहीत. मिन्युएटवाला क्विंटेट कुठे ओपस 11 क्रमांक 5, तर कुठे ओपस 13 क्रमांक 5 म्हणून दिसतो. संगीत-अभ्यासक इव्ह जेरार यांच्या सूचीतला ‘जी’ क्रमांक मात्र पक्का. शोधताना संगीतकाराच्या नावापुढे रोमन लिपीत तोच टाका: जी 275. तरीही ऑर्केस्ट्राच्या आणि गिटारच्या रूपांतरांचा ढीग येईलच. वादकांच्या यादीत दोन चेलो नसतील तर पुढे चला. (1801–02 मधल्या ओपस 60 आणि 62 मध्ये मात्र त्याने स्वतःच दोन व्हिओला घेतल्या आहेत.) क्विंटेट दोनच भागांत संपला तर रेकॉर्डिंग अपुरं समजू नका. चार भागांच्या मोठ्या रचना आणि दोन भागांच्या छोट्या, अशी विभागणी त्याने आपल्या यादीत केली होती.

फोनच्या स्पीकरवर हे संगीत निम्मंच पोचतं. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे 65 हर्ट्झवर बोलते आणि तिथे फोनचा स्पीकर जवळजवळ मुका असतो. त्यामुळे दुसरा चेलो गळतो आणि सगळं पातळ, गोडगोड वाटू लागतं. बोकेरिनीवर होणारा ‘नुसता गोडवा’ हा आरोप निम्मा अशा ऐकण्यामुळे आहे. साधे तारेचे हेडफोन चालतील. अ‍ॅपमधली सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करणारी सोय बंद करा, नाहीतर मुद्दाम हळू लिहिलेला भाग शेजारच्या जोरकस भागाइतकाच मोठा होतो. शफल आणि क्रॉसफेडही (एक ट्रॅक पुढच्यात मिसळणारी सोय) बंद. स्पीकरवर ऐकणार असाल तर पंखाही, कारण ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात, ही सूचना बोकेरिनी वारंवार लिहितो.

आता जी 275 घ्या. सुरुवात द्रुत नसून ‘अमोरोसो’ नावाच्या संथ भागाने होते, तो ओलांडून मिन्युएटवर उडी मारू नका. पहिल्यांदा सलग ऐका. दुसऱ्यांदा व्हायोलिनकडे दुर्लक्ष करून पहिला चेलो शोधा. मुख्य गायक आणि साथ अशी मांडणी कानात मुरलेली असेल तर हे सुरुवातीला जड जातं, कारण इथे मुख्य कोण हे दर काही मात्रांनी बदलतं. खूण अशी: चेलो वर चढला की त्याचा आवाज ताणलेला, किंचित नाकातला होतो, तर त्याच उंचीवर व्हायोलिन सैल वाटतं. तिसऱ्यांदा मिन्युएटमध्ये थर मोजा. वर म्यूट (आवाज दबका करणारी चिमटी) लावलेल्या पहिल्या व्हायोलिनची धून, मध्ये दुसऱ्याची लाटांसारखी हालचाल, खाली बोटांनी छेडलेल्या तारा. खालचा थर ऐकू येत नसेल तर दोष हेडफोनचा किंवा रेकॉर्डिंगचा.

बेथोव्हेनची सवय असलेला श्रोता इथे संघर्षाची वाट पाहत बसतो आणि कंटाळतो. इथे तीच ओळ परत येते तेव्हा ती कोणत्या वाद्याकडे गेली आणि पोत कसा बदलला, हे पाहायचं असतं. एका बैठकीत दोन क्विंटेट पुरेत. सहाचा संच सलग लावला की सगळं एकसारखं वाटतं.

नंतर जी 324, ‘माद्रिदच्या रस्त्यांवरचं रात्रीचं संगीत’. घंटा, सैनिकांचा ढोल, मग आंधळ्यांचा मिन्युएट. यात चेलो गुडघ्यांवर आडवे घेऊन नखांनी गिटारसारखे छेडायचे असतात. शेवटी रात्रीची गस्त लांबून येते, जवळून जाते, विरते. या भागाची सुरुवात जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा आणि मग बटणाला हात लावू नका. सुरुवातीलाच आवाज वाढवला तर गस्त दारात उभी असल्यासारखी सुरू होते आणि गंमत जाते. स्पेनबाहेर ही रचना कुणाला कळणार नाही म्हणून बोकेरिनीने ती छापायला दिली नव्हती.

रेकॉर्डिंग निवडताना तारा पाहा. प्राण्यांच्या आतड्याच्या तारांवर, आजच्या 440 ऐवजी 415 किंवा 430 हर्ट्झच्या खालच्या पट्टीत वाजवणाऱ्यांकडे दोन चेलो वेगळे ओळखू येतात. यात फाबियो बिऑन्दींचा ‘एउरोपा गालान्ते’ हा वाद्यवृंद नाट्यमय, तर चेलोवादक आनर बेल्स्मांचं वादन निवांत. ‘ला मान्यीफिका कोमुनिता’ने ब्रिलियंट क्लासिक्स या रेकॉर्ड कंपनीसाठी लांबलचक मालिका केली आहे, ती कमी परिचित क्विंटेटसाठी उपयोगी. जॉर्डी सव्हाल यांच्या फान्दांगोत (हे एक स्पॅनिश नृत्य) गिटार आणि कास्तानेत (बोटांत धरून वाजवायच्या लाकडी चिपळ्या) आहेत. तो मजेदार आहे, पण ते बोकेरिनीने स्वतः केलेलं गिटार रूपांतर, जी 448. त्यातल्या फान्दांगोचं मूळ 1788 च्या जी 341 मध्ये आहे. आधी ते ऐका. गिटार नसताना पाच वाद्यं गिटारचा भास कसा उभा करतात, ते तिथे कळतं.