खाऱ्या वाऱ्यातली जुनी मोटार: गंजलेल्या पत्र्याच्या दुरुस्तीत या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिच्या डाव्या दाराचा खालचा गंजलेला भाग मी घासून, लांबी (खळगे बुजवणारी पुट्टी) भरून, रंगवून घेतला होता. त्याच वर्षी गणपतीत दार पुसताना हाताला वाटाण्याएवढे तीन फोड लागले. त्यांपैकी एक अंगठ्याने दाबला, तर रंगाची साल सुटून आली आणि चहाच्या रंगाचे पाणी बोटावर उतरले. ते ओठाला लावून पाहिले, तेव्हा चक्क खारट लागले. (जुन्या रंगात शिसे असू शकते, हा प्रयोग दुसऱ्या कोणी करू नये.) गंज आम्ही काढला होता, पण गंजाच्या पोटातले मीठ तसेच ठेवून त्यावर रंगाचे झाकण बसवले होते.

किनाऱ्यावरच्या दुरुस्तीतली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक आहे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ पत्र्यावरच्या बारीक खळग्यांत जाऊन बसते, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून ओले होते. कोकणात पावसाळ्याचे चारही महिने आर्द्रता याहून कितीतरी जास्त असते, म्हणजे पावसाचा थेंब न पडताही रंगाखालचा पत्रा भिजत राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि फोड येतो. त्या फोडाला रंगाऱ्याचा हात जबाबदार आहे असे समजून पुन्हा वरूनच घासणे म्हणजे तेच वर्ष पुन्हा जगणे होय.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. ग्राइंडरने आणि तारेच्या ब्रशने पत्रा लखलखीत झाल्यावरही खळग्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात, आणि मीठ नेमके तिथेच असते. तो भाग गरम गोड्या पाण्याने, कडक नायलॉनच्या ब्रशने दोन-तीनदा धुवावा, लगेच कोरड्या कापडाने टिपून हवेच्या झोताने सुकवावा, आणि रात्रभर छपराखाली उघडा ठेवावा. सकाळी सगळ्या पत्र्यावर फिकट, सारखी तांबूस छटा आली तर ती केवळ हवेची आहे, ती हलक्या हाताने घासून जाते. पण त्याच त्या खळग्यांत गडद ओलसर ठिपके पुन्हा उठले, तर मीठ अजून आत आहे असे समजून धुणे पुन्हा करावे. माझ्या दाराला तीन रात्री लागल्या. उरलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण उपयोगी पडते, मात्र ते धुण्याला पर्याय नाही, आणि त्याचा चिकट अंश पत्र्यावर राहू दिला तर वरचा प्रायमर धरत नाही. धुण्याच्या पाण्याचाही विचार करावा लागतो. किनाऱ्यालगतच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, आणि त्याच पाण्याने पत्रा धुणे हा उलटा उद्योग ठरतो.

पुळणीवरची वाळू फुकट मिळते म्हणून ती ब्लास्टिंगला (दाबाच्या हवेने वाळू मारून गंज काढायला) वापरणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्या वाळूबरोबर मीठ दाबाने पत्र्यात ठोकले जाते, मोठे सपाट पत्रे माऱ्याने फुगून वाकडे होतात, आणि सिलिकायुक्त धुळीने फुफ्फुसे कायमची खराब होऊ शकतात. दार, बॉनेट, डिकी यांच्यावर हा प्रकार करूच नये.

पत्रा पारखताना डोळ्यांवर विसंबू नये. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेल्यास निरोगी पत्रा टणकन वाजतो, तर लांबीने भरलेली जागा बद्द आवाज देते. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले, तर जिथे ते सैल पडते तिथे लांबीचा थर जाड असतो. पायाखालचे रबरी जाजम उचलून पाहणे लोक हमखास विसरतात, आणि तळाचा पत्रा तर त्या जाजमाखालीच कुजतो.

यापुढची चूक मात्र गाडीचा जीव घेणारी आहे. पद्मिनी काय किंवा अॅम्बॅसॅडर काय, या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नसते. अख्खी बॉडी मिळूनच भार पेलते. दारांखालची लांबट पोकळ पेटी, म्हणजे सिल, हा त्या भाराचा मुख्य आधार असतो. गाडी मध्येच जॅकवर उचलून दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले, तर बॉडी कळतही नाही इतकी हळूच वाकते, आणि नवे सिल जोडून झाल्यावर दारे लागेनाशी होतात. म्हणून गाडी सपाट जागी, सस्पेन्शनच्या आधाराच्या ठिकाणी पक्क्या स्टँडवर ठेवावी, दाराच्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरता जोडावा, एका वेळी एकच बाजू कापावी, आणि प्रत्येक टप्प्यावर दार बसवून फट सारखी आहे ना हे पाहावे. दाराने कुरकुर केली की काम थांबवावे.

जोडकामात आपल्याकडची जुनी पितळी गॅस-जोडाची सवय अडचणीची ठरते. तो जोड देखणा दिसतो, पण त्यासाठी लावलेली पावडर जोडाच्या कडेला राहते, ओल धरते आणि रंग सोडवते. साध्या आर्कने इतक्या पातळ पत्र्याला भोकेच पडतात. त्यापेक्षा ०.६ किंवा ०.८ मिलिमीटर तारेचे मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात तार वितळवून केलेला जोड) बरे, तेही सलग ओढून नव्हे, तर दूरदूरचे टाके घालत, मध्ये थंड होऊ देत, हळूहळू मधल्या फटी भरत. अंगणात वारा असेल तर मिगचा संरक्षक वायू उडून जातो आणि जोड स्पंजासारखा सच्छिद्र होतो, म्हणून निदान पश्चिमेकडून ताडपत्री बांधावी. ठिगळासाठी २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा, साधा सीआर (कोल्ड-रोल्ड) पत्रा घ्यावा; छपराचा उरलेला जस्ती पत्रा घेतला तर जोड कच्चा राहतोच, शिवाय जस्ताच्या पांढऱ्या धुरामुळे रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा नुसता चढवून जोडल्यास दोघांच्या मध्ये पाणी साठते, तेव्हा कुजका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून कडेला कड भिडवणे हेच योग्य. बॅटरी सोडणे आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवणे याला पर्याय नाही, आणि आठवडाभर रिकामी पडलेली टाकीसुद्धा वाफेमुळे पेट घेऊ शकते.

रंगाच्या थरांचा क्रम बहुतेक ठिकाणी चुकतो. लांबीत टाल्कसारखी भुकटी असते आणि ती ओल शोषते, त्यामुळे उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरण्याऐवजी आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली लांबी, आणि मग सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सारखा करणारा थर) हा क्रम ठेवावा. सरफेसर मारून गाडी ‘पाऊस गेला की रंगवू’ म्हणत खळ्यात ठेवू नये. तो थर स्पंजासारखाच असतो. वेळेचे गणित शाळेच्या भूगोलात शिकलेल्या वाऱ्यांवरूनच मांडावे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दिवस तापला की खारे वारे उलट येतात. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी दंव पूर्ण सुकल्यावर उघडा पत्रा पुसून प्रायमर मारावा, आणि खारे वारे सुटण्याआधी पहिला थर उरकावा. दुपारी चारला घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवून सकाळी तसाच रंगवणे ही आमचीच जुनी चूक होती.

बाहेरचा रंग टिकला तरी पत्रा आतूनच कुजतो. सिलच्या आत आणि दारांच्या पोटात पातळ मेण किंवा पोकळ जागांसाठी मिळणारे गंजरोधक तेल फवारावे. तळाला डांबरासारखा जाड थर गंजावरच फासल्यास त्याला तडे जाऊन आत पाणी कोंडते. प्लास्टिकच्या कव्हरखाली गाडी घामेजते, आणि ओल्या जांभ्याच्या जमिनीवर तर तळाला कायमच वाफ लागते, म्हणून छप्पर असलेली, पण बाजूने मोकळी जागा बरी.

दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची लहान भोके असतात, आणि रंगारी ती रंगाने किंवा सीलरने बुजवून टाकतात. माझ्या दाराचीही दोन भोके तशीच बुजली होती. पहिल्या सरीनंतर त्यांतून पाणी ठिबकते का ते पाहावे, आणि ठिबकत नसेल तर माडाच्या झापाचा एक हीर घेऊन ती मोकळी करावीत.