अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला मुलांसोबत जाताना

मुंबईहून गेलेली मुलं सुरुवातीचे दोन-तीन दिवस पहाटेच टक्क जागी असतात. त्याचा फायदा घ्या आणि कास्तियो दे सान मार्कोस किल्ला उघडताच गाठा. दुपारी तटावर सावली नसते. 1695 साली बांधून झालेल्या या किल्ल्याचा कोकिना दगड म्हणजे घट्ट चिकटलेले शिंपल्यांचे तुकडे. तो सच्छिद्र, म्हणून 1702च्या वेढ्यात तोफगोळे भिंत फोडण्याऐवजी तिच्यात रुतून बसले. मुलांना दाखवा, पण चढू देऊ नका, दगड झिजतो. ज्युनियर रेंजर या मुलांसाठीच्या उपक्रमाची पुस्तिका आत शिरतानाच मागा.

दीपगृहाच्या पायऱ्या 219. उंची 44 इंचांपेक्षा कमी असेल तर वर सोडत नाहीत, कडेवर घेऊनही नाही. घरीच मोजून निघा, नाहीतर तिकीट खिडकीपाशी भोकाड ठरलेलं.