सीपॅपच्या मास्कमधून हवा सुटू नये म्हणून रात्रीची तयारी

आमच्या आप्पांना सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागून आता दुसरा उन्हाळा चाललाय, आणि अमळनेरचा उन्हाळा म्हणजे रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर गरम. पहिला महिनाभर रोज एकच तक्रार, "डोयामा हवा जास रे" (डोळ्यात हवा जाते रे), आणि आम्ही रोज एकच उपाय करायचो, पट्टा अजून थोडा आवळायचा. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ, डोळे कोरडे, आणि हवा तरी सुटायचीच. मास्कचं कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग, त्याची मऊ कड हवेने फुगून चेहऱ्याला बसते, फार आवळलं की ती चपटी होते, सुरकुती पडते आणि तिथूनच हवा निघते, हे कळायला आमचा महिना गेला. तुमचा जाऊ नये म्हणून आता रोज काय काय बघतो ते लिहितो.

तयारी सकाळीच सुरू होते. उठल्यावर कुशन कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुवायचं, रात्रभराचा घाम आणि चेहऱ्याचं तेल त्यावर बसलेलं असतं, आणि घरात सावलीत वाळवायचं. गच्चीवर कपड्यांसोबत टाकू नका, मे महिन्यातलं ४४-४५ डिग्रीचं ऊन सिलिकॉनला चांगलं नाही. पट्टे आठवड्यातून एकदा धुतले तरी चालतात पण पूर्ण वाळलेले हवेत. कुशन उजेडात धरून बघायचं, पिवळं, कडक किंवा चिरलेलं दिसलं तर बदलायचं, त्याला कितीही धुतलं तरी ते परत नीट बसत नाही.

संध्याकाळी जेवणं झाली की चेहरा. आप्पांची जुनी सवय, झोपताना डोक्याला खोबरेल तेल चोळायचं, आणि ते कपाळावरून खाली यायचं, मग मास्क रात्रभर घसरणार नाही तर काय. तेल बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी मास्कच बंद केला असता, म्हणून तेल सकाळच्या आंघोळीआधी नेलं, ते त्यांनी ऐकलं. झोपायच्या आधी साबणाने तोंड धुवायचं, कोरडं पुसायचं, वर क्रीम काही नाही. दाढीचे खुंटही कुशन उचलून धरतात म्हणून आता दाढी संध्याकाळी. मिशीला मात्र हात लावला नाही, फक्त कडेने कापून बारीक केली. आणि कवळी असेल तर एक लक्षात ठेवा, कवळी काढली की गाल आत जातात, म्हणजे रात्री काढून झोपत असाल तर मास्कही कवळी काढूनच बसवून बघायचा. आमच्याकडे दुकानात खुर्चीवर बसवून, कवळीसकट माप घेतलं होतं, सगळा घोळ तिथूनच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मास्क बसून नाही, झोपून बसवायचा. आडवं झालं की चेहऱ्याची कातडी बाजूला सरते. आणि मशीन चालू ठेवून, पूर्ण प्रेशरवर, कारण रॅम्प (प्रेशर हळूहळू वाढवायची सोय) चालू असेल तर सुरुवातीला प्रेशर कमी असतं, तेव्हा काहीच सुटत नाही आणि रात्री दोनला फुसफुस सुरू होते. काही मशीनमध्ये मास्क फिट नावाची सोय आहे ती वापरा. पट्टे सैल ठेवून मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढायचा, कड फुगू द्यायची, मग हळूच सोडायचा. त्यानंतर दोन्ही बाजू सारख्या, आधी वरचे पट्टे मग खालचे, पट्ट्याखाली एखाद-दोन बोटं जातील इतपतच. मग डाव्या कुशीला, उजव्या कुशीला वळून बघायचं. (क्लिपमध्ये मॅग्नेट असलेले मास्क येतात, घालणाऱ्याला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी विचाराच.)

एक हवा मात्र सुटायलाच पाहिजे. मास्कच्या पुढे बारीक भोकं असतात, त्यातून आपण सोडलेला श्वास बाहेर जातो. पहिल्या रात्री आईने लीक समजून त्यावर पदराचं टोक धरलं होतं, मायेनेच, पण ती भोकं कधीच झाकायची नाहीत, गोधडीनेसुद्धा नाही.

अंथरुणाचं म्हणाल तर नळी डोक्यावरून नेऊन पलंगाच्या दांड्याला सैल अडकवायची, वळताना ओढ बसत नाही. कापसाची भरगच्च उशी कुशीवर मास्कला ढकलते, पातळ उशी घ्या आणि मास्क कडेच्या बाहेर राहील असं झोपा. कूलरचा झोत तोंडावर नको. थंडीत उलटं होतं, डिसेंबर-जानेवारीत नळीत पाणी साचतं आणि मास्कमध्ये गुडगुडतं, तेव्हा ह्युमिडिफायर (मशीनमधला, हवेला ओलावा देणारा भाग) थोडा कमी करायचा, नळी पांघरुणाखालून घ्यायची आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवायचं.

सकाळी घसा कोरडाठाक असेल तर हवा मास्कमधून नाही, तोंडातून जातेय. नाकाचा मास्क असेल आणि नाक चोंदत असेल तर हेच होतं, आधी नाकाचा इलाज, मग डॉक्टरांना विचारून हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क. आप्पांना शेवटी हा मास्कच लागला. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात, आपल्या मनाने ते करू नका, आणि हवा सुटते म्हणून प्रेशरही स्वतः कमी करू नका.

रात्री जाग आली तर पट्ट्याला हात न लावता मास्क पुढे ओढून परत सोडायचा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच बसतो. लाइट गेली तर मास्क काढून ठेवायचा. सकाळी स्क्रीनवर लीक बघायचा, रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गेला की जास्त धरतात. मी तो आकडा आणि त्या रात्री काय वेगळं झालं ते कॅलेंडरवरच लिहितो, आठवडाभर सगळं करूनही आकडा वरच राहिला तर ते पान आणि मास्क दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जातो, आणि तिथे पलंगावर झोपवूनच माप घ्यायला सांगतो.