गेमिंग कन्सोल बाजारात का पडला, हे कसे तपासावे : सेगा सॅटर्नच्या आधाराने एक मार्गदर्शन

एखादा कन्सोल प्रतिस्पर्ध्यापुढे टिकला नाही की त्याची कारणमीमांसा बहुधा एका ओळीत उरकली जाते. यंत्र कमजोर होते, किंमत जास्त होती, जाहिरात चुकली, असे काहीतरी सांगून विषय संपवला जातो. या उत्तरांत तथ्य असतेच. परंतु त्यांतले एकही उत्तर दुसऱ्या कन्सोलला लावून पाहिले तर टिकत नाही, आणि म्हणूनच तपासण्याची पद्धत नीट असणे आवश्यक ठरते. वाणिज्य शाखेच्या प्रकल्पासाठी, लेखासाठी किंवा व्हिडिओसाठी हा विषय हाताळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही पद्धत येथे मांडली आहे. मुख्य उदाहरण 1994 ते 1998 या काळातील सॅटर्न या, सेगा या जपानी कंपनीच्या कन्सोलचे घेतले आहे. तेव्हा आपल्याकडच्या घरांत निन्टेंडोच्या जुन्या यंत्राच्या नकला ‘टीव्ही गेम’ या नावाने खेळल्या जात होत्या. सॅटर्नची लढाई मुख्यतः जपान आणि अमेरिकेत झाली, त्यामुळे तिचा हिशोबही तिथल्याच तारखा आणि तिथल्याच किमती धरून करावा लागतो.

अपयश म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवा

विक्रीचा आकडा आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निन्टेंडोचा गेमक्यूब सुमारे 2 कोटी 17 लाख विकला गेला आणि त्याच पिढीतील सोनीच्या प्लेस्टेशन 2 ने 15 कोटींचा टप्पा सहज ओलांडला. तरीही त्या वर्षांत निन्टेंडो कंपनी वार्षिक नफ्यातच राहिली. उलट प्लेस्टेशन 3 अखेरीस 8 कोटी 70 लाखांपुढे गेला, पण त्याच्या पहिल्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला 200 अब्ज येनहून अधिक तोटा सोसावा लागला. म्हणून तपास सुरू करण्यापूर्वी आपण विक्रीतील पराभव तपासत आहोत, पैशांतील तोटा तपासत आहोत, की कंपनीला तो व्यवसायच सोडावा लागला हे तपासत आहोत, ते एका वाक्यात लिहून ठेवावे. सॅटर्नच्या बाबतीत पहिल्या दोन्ही गोष्टी घडल्या आणि तिसरीची पायाभरणी झाली. जगभरात तो सुमारे 92 लाख विकला गेला; त्याच काळातला पहिला प्लेस्टेशन 10 कोटींच्या पुढे गेला.

तारखांचा तक्ता यंत्राच्या जन्माआधीपासून मांडा

माझ्या मते या पद्धतीतील सर्वात मोलाचे काम हेच आहे आणि बहुतेक लोक नेमके हेच टाळतात. कन्सोल दुकानात आला त्या दिवसापासून तक्ता सुरू केला तर अर्धी गोष्ट हातातून निसटते. किमान दोन-तीन वर्षे मागे जावे आणि त्या कंपनीने त्या काळात ग्राहकाला काय काय विकले, याची नोंद करावी.

सेगासाठी असा तक्ता मांडला की चित्र लगेच स्पष्ट होते. अमेरिकेत जेनेसिस हा त्यांचा कन्सोल उत्तम चालत होता. 1992 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला जोडण्यासाठी सेगा सीडी हे उपकरण 299 डॉलरला आले. 1994 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच जेनेसिसवर बसवायचे 32एक्स हे दुसरे जोड-उपकरण 159 डॉलरला आले. आणि याच महिन्यात, 22 नोव्हेंबर 1994 रोजी, जपानमध्ये सॅटर्न विक्रीला आला. म्हणजे अमेरिकेतील पालकाने नाताळासाठी 32एक्स घरी नेले, तेव्हा त्याला कालबाह्य करणारे यंत्र त्याच कंपनीने जपानमध्ये आधीच बाजारात आणलेले होते. त्या ग्राहकाने काही महिन्यांनी सेगाच्याच नव्या यंत्रावर पुन्हा विश्वास ठेवून पैसे मोजावेत, ही अपेक्षा मुळातच अवाजवी होती. सॅटर्नच्या अपयशाची चर्चा करताना 32एक्सला तळटीप समजले जाते. माझ्या दृष्टीने ते पहिले प्रकरण आहे.

तक्त्यात प्रतिस्पर्ध्याच्या तारखाही शेजारच्या रकान्यात लिहाव्यात. प्लेस्टेशन जपानमध्ये 3 डिसेंबर 1994 रोजी आला, म्हणजे सॅटर्ननंतर दोन आठवड्यांच्या आत. त्यामुळे जपानमध्ये सॅटर्नला वेळेचा फारसा लाभ मिळाला नाही. तरीही तिथे त्याची विक्री चांगली झाली, इतकी की जगभरातील एकूण सॅटर्नपैकी अर्ध्याहून अधिक एकट्या जपानमध्ये खपले. ही नोंद अतिशय महत्त्वाची आहे. यंत्र तेच असूनही एका देशात ते चालले आणि दुसऱ्या देशात पडले, म्हणजे केवळ यंत्राला दोष देऊन भागत नाही.

यंत्र उघडा, पण गेम बनवणाऱ्याच्या नजरेने

प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा आणि मेमरी किती, अशी तुलना करण्यात वेळ घालवू नये. विचारायचा प्रश्न असा : मर्यादित पैसे, ठरलेली मुदत आणि मोजकी माणसे असलेल्या स्टुडिओला या यंत्रावर गेम बनवणे किती जड गेले असते?

सॅटर्नमध्ये हिताची कंपनीचे एसएच-2 हे दोन मुख्य प्रोसेसर होते. कागदावर दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट ताकद वाटते. प्रत्यक्षात मुख्य मेमरीकडे जाणारा मार्ग दोघांना मिळून एकच होता, त्यामुळे एक मेमरी वापरत असताना दुसऱ्याला थांबावे लागे. एका चुलीवर दोन आचारी उभे केले तर जे होते तेच. दोघांत काम नीट वाटून देण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर पडत असे. चित्र काढण्यासाठीही दोन वेगळ्या चिप होत्या : एक हलत्या आकृत्या काढणारी, दुसरी पार्श्वभूमी सांभाळणारी. त्यात भर म्हणजे सॅटर्न त्रिमितीय आकृत्या चौकोनांतून रचत असे, तर प्लेस्टेशन आणि संगणकावरील बहुतेक साधने त्रिकोणांवर चालत.

याचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर दोन्ही यंत्रांवर आलेला एखादा गेम घ्यावा आणि त्यातील धूर, काच किंवा सावली थांबवून जवळून पाहावी. प्लेस्टेशनवर ती अर्धपारदर्शक दिसते. सॅटर्नवर अनेकदा त्या जागी बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक जाळी दिसते, ज्यात एक ठिपका रंगवलेला आणि शेजारचा मोकळा सोडलेला असतो. सॅटर्नवर त्रिमितीय आकृत्यांची खरी पारदर्शकता साधणे त्रासाचे होते, म्हणून स्टुडिओंनी ही युक्ती वापरली. जुन्या टीव्हीच्या अंधूक चित्रात ती बरीचशी खपूनही जाई. द्विमितीय गेममध्ये मात्र हेच यंत्र प्लेस्टेशनहून सरस ठरे, आणि जपानमधील त्याच्या यशात या गेमचा वाटा मोठा होता. सॅटर्नला सरसकट कमजोर म्हणणे त्यामुळे अन्यायाचे आहे.

सोनीचे अभियंता केन कुतारागी यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य प्रोसेसर एकच होता आणि त्रिमितीय गणितासाठी त्याच्या जोडीला खास विभाग होता. सोनीने सी या संगणकीय भाषेतील लायब्ररी, म्हणजे थेट वापरता येणारे तयार प्रोग्रॅम, पुरवल्या, त्यामुळे नव्या स्टुडिओलाही काही महिन्यांत दाखवण्याजोगे काम करता येई. बाहेरचे स्टुडिओ कुणाकडे वळणार हे इथेच बऱ्याच अंशी ठरले.

दुकानदाराला विसरू नका

11 मे 1995 रोजी लॉस एंजेलिसमध्ये ई-3 या व्हिडिओ गेम उद्योगाच्या पहिल्या प्रदर्शनात सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्की यांनी जाहीर केले की सप्टेंबरमध्ये येणार असलेला सॅटर्न आजच, 399 डॉलरला, दुकानांत उपलब्ध आहे. सोनीच्या आधी चार महिने बाजार काबीज करावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनच्या किमतीचा ‘299’ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो, पण खरे नुकसान पडद्यामागे होत होते.

माल पुरेसा नसल्याने सेगाने तो फक्त चार निवडक साखळ्यांना दिला होता. ज्यांना वगळले त्या दुकानदारांचा अपमान झाला. केबी टॉइज या मोठ्या साखळीने तर सॅटर्न ठेवण्यासच नकार दिला. सप्टेंबर डोळ्यांसमोर ठेवून काम करणाऱ्या बाहेरच्या स्टुडिओंचे गेम तयार नव्हते, म्हणून सुरुवातीला फळीवर सेगाचेच मोजके गेम होते. आधी कळस मग पाया, अशी ही गत झाली. 9 सप्टेंबर 1995 रोजी प्लेस्टेशन अमेरिकेत आला तेव्हा दुकानदार, स्टुडिओ आणि ग्राहक हे तिन्ही घटक सोनीचे ऐकून घ्यायला तयार होते. आपल्या तपासात या तिघांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत आणि प्रत्येकाने कोणत्या दिवशी आणि कशामुळे पाठ फिरवली हे लिहावे. एखादाच दुखावला गेला तर कंपनी सावरू शकते. तिघे एकाच वर्षात दुरावले तर सावरणे फार कठीण होते.

पैसा कुठून कुठे वाहतो, हे पाहा

बहुतेक कंपन्या कन्सोल तोट्यात किंवा जेमतेम नफ्यात विकतात आणि गेमच्या प्रत्येक प्रतीमागे मिळणाऱ्या रॉयल्टीतून कमावतात. ही साखळी तुटली की काय होते, याचे उदाहरण 1993 मधील 3डीओ हा कन्सोल. त्याच नावाच्या कंपनीने यंत्राचा फक्त आराखडा दिला आणि उत्पादनाचे परवाने पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांना विकले. गेमची रॉयल्टी 3डीओकडे जात असल्याने यंत्र बनवणाऱ्याला आपला सगळा नफा यंत्राच्याच किमतीतून काढावा लागला. परिणामी अमेरिकेत त्याची किंमत 699 डॉलर झाली.

सॅटर्नची अडचण वेगळी होती. त्यात अनेक चिप होत्या आणि त्यांतील महत्त्वाच्या बाहेरून घ्याव्या लागत. सोनी स्वतः इलेक्ट्रॉनिक वस्तूंची उत्पादक असल्याने सुटे भाग एकत्र करून खर्च उतरवणे तिला सोपे होते. 1996 च्या मे महिन्यात प्लेस्टेशन 199 डॉलरवर आला. सेगालाही तेवढेच खाली यावे लागले, आणि तिला ते बरेच महाग पडले.

आपल्या निष्कर्षावरच उलटतपासणी करा

येथवर आल्यावर मनात एखादे कारण पक्के झालेले असते. ते लगेच दुसऱ्या कन्सोलवर लावून पाहावे. सेगाचाच पुढचा ड्रीमकास्ट यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्यात सॅटर्नच्या जवळजवळ सगळ्या चुका सुधारलेल्या होत्या. त्यावर गेम बनवणे सोपे होते. 9 सप्टेंबर 1999 रोजी तो अमेरिकेत 199 डॉलरला, भरपूर गेमसह आणि आधी ठरवलेल्या तारखेलाच आला. प्लेस्टेशन 2 त्यानंतर तेरा महिन्यांनी 299 डॉलरला आला, आणि तोपर्यंत ड्रीमकास्ट 149 वर उतरला होता. म्हणजे किंमत, वेळ आणि सुलभता या तिन्ही बाबतींत सेगा पुढे होती. तरीही 31 जानेवारी 2001 रोजी तिने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवण्याचा आणि कन्सोलच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

मग आधीचे निष्कर्ष चुकीचे होते का? तसे नाही. तारखांचा तक्ता पुन्हा काढून पाहावा. 1997 मध्ये सेगाच्या अमेरिकेतील कारभाराची सूत्रे असलेले बर्नी स्टोलर यांनी सॅटर्न हे आपले भविष्य नसल्याचे जाहीरपणे सांगितले होते, तेही सॅटर्न दुकानात विकला जात असताना. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम बनवणाऱ्या बड्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. मार्च 1999 मध्येच सोनीने प्लेस्टेशन 2 ची घोषणा केली होती. तो डीव्हीडी चालवणार होता आणि जुन्या प्लेस्टेशनचे गेमही. सेगाकडून लागोपाठ पोळलेल्या ग्राहकाने वर्षभर थांबणे पसंत केले, यात नवल नाही. त्यातच सेगाची तिजोरी आधीच्या तोट्यांनी रिकामी झाली होती. सॅटर्नच्या चुकांची किंमत ड्रीमकास्टला मोजावी लागली, असे मी म्हणेन.

शक्य असेल तेथे आणखी एक कसोटी लावावी : एकच गेम दोन यंत्रांवर कसा विकला गेला ते पाहावे. निन्टेंडोचा वी यू 2012 मध्ये आला आणि सुमारे 1 कोटी 35 लाखांवर थांबला; त्याच्या आधीचा वी हा कन्सोल मात्र 10 कोटींच्या पुढे गेला होता. नाव आणि पहिले सादरीकरण असे होते की हे नवे यंत्र आहे की जुन्या वीला जोडायचा पडदा, हेच अनेकांना उमगले नाही. वी यूवर मारिओ कार्ट 8 सुमारे 84 लाख विकला गेला. थोडी भर घालून तोच गेम 2017 मध्ये स्विच या निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर आला आणि त्याने 6 कोटींचा आकडा ओलांडला. गेम तोच, कंपनीही तीच. म्हणजे वी यूच्या पडण्यात गेमच्या दर्जाचा वाटा शोधण्यात अर्थ नाही. स्विच कुणालाही दहा सेकंदांत समजावून सांगता येई, हा त्या दोन यंत्रांतला मोठा फरक होता.

आकडे लिहिताना एक पथ्य पाळावे. कंपन्या बहुधा दुकानांकडे पाठवलेल्या मालाचा आकडा देतात, ग्राहकाने नेलेल्या मालाचा नव्हे. पडलेल्या कन्सोलच्या बाबतीत ही तफावत मोठी असू शकते, कारण माल गोदामात पडून असतो. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या महिन्यापर्यंतचा आहे, हे लिहिल्याशिवाय दोन कन्सोलची तुलना करू नये.