नवे विश्वस्त, आधी शेड्यूल वनचा उतारा काढा

कार्यकारिणीवर निवड झाली, हार घालून झाले. आता धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या शेड्यूल वनचा, म्हणजे परिशिष्ट एकचा, ताजा उतारा काढा. विश्वस्तांची अधिकृत नोंद ती हीच. त्यात दहा वर्षांपूर्वीची नावं दिसली तर घाबरू नका. अशा संस्था पुष्कळ आहेत. पण तिकडे काणाडोळाही करू नका.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम २२: विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट. उशीर झाला तर कारणांसह विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. मात्र मागचा बदल अर्ज प्रलंबित किंवा नामंजूर असेल, तर तुमची सभा बोलावणाऱ्यांच्या अधिकारावरच हरकत येते. एक कडी निखळली की पुढच्या सगळ्या निवडणुका लोंबकळतात आणि बँक सह्या बदलून देत नाही.

अर्ज नामंजूर होतो तो बहुधा सभेच्या नोटिशीवर. संस्थेच्या घटनेत ‘१५ पूर्ण दिवस’ लिहिलं असेल तर नोटीस पाठवल्याचा आणि सभेचा, हे दोन्ही दिवस धरायचे नाहीत. सभा ३० जूनला असेल तर नोटीस उशिरात उशिरा १४ जूनला जायला हवी. व्हॉट्सॲपवरची निळी टिक घटनेत बसते का, ते आधी वाचा. पोस्टाच्या पावत्या सभासद यादीच्या क्रमानं चिकटवा. हजेरीपुस्तकातल्या सह्या आणि इतिवृत्तातला आकडा जुळवा: २३ सह्या आणि ‘३१ उपस्थित’ एवढं विरोधकाच्या वकिलाला पुरतं. नव्यांची संमतीपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे त्याच आठवड्यात घ्या. नंतर माणसं सापडत नाहीत, सापडली तर रुसलेली असतात.

‘कोऱ्या कागदावर सह्या देऊन ठेवा, बाकी मी बघतो’ म्हणणारा सल्लागार दारातूनच परत पाठवा. उलट संस्थेचा जुना कारकून हाताशी धरा. कोणती फाइल कुठल्या कपाटात आहे ते त्यालाच ठाऊक असतं. आणि लेटरहेडच्या शोभेसाठी घेतलेला बडा विश्वस्त कोरमला कधीच नसतो, हे माझं स्पष्ट मत.

हिशेबाचं ऑडिट दरवर्षी होतंच. जागा विकायची असेल किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक भाड्यानं द्यायची असेल तर कलम ३६ ची परवानगी आधी, करार नंतर.

साखळी तुटलेली निघाली तर सर्वांत जुन्या प्रलंबित अर्जाची पुढची तारीख विचारून या. सुरुवात तिथूनच होते. वेळ लागतो, पण सुटतं.