कुंपणावर काटेरी वेल, पण कुत्र्या-मांजरांना जपून

पहिली निवड वेली गुलाबाची. तो कुत्र्या-मांजरांना विषारी नाही. मात्र काही जाती जवळजवळ बिनकाट्याच्या असतात, म्हणून घेताना फांदी नीट पाहा. बोगनवेलीचे काटे जास्त लांब आणि कडक. तिच्या चिकाने त्वचेला खाज सुटू शकते. निवडुंगासारखा दिसणारा काटेरी युफोर्बिया आणि घाणेरी टाळाच, दोन्ही विषारी आहेत.

भिंतीपासून ४५ सेंमीवर, ४५ सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. अगदी भिंतीलगत माती कोरडी राहते आणि मुळे धरत नाहीत. दोन रोपांत दोन मीटर अंतर ठेवा. खड्ड्यात कुजलेले शेणखत घाला. एरंडीची पेंड मुळीच नको: कुत्री ती आवडीने खातात आणि तिच्यातले रिसिन नावाचे विष जीव घेऊ शकते. खत म्हणून घातलेल्या हाडांच्या चुऱ्याच्या वासानेही कुत्री खड्डा उकरतात.

भिंतीवर ४० सेंमी अंतराने आडव्या तारा ताणा. गुलाब आणि बोगनवेल या दोन्ही वेली स्वतःहून भिंत धरत नाहीत, बांधाव्याच लागतात. फांद्या आडव्या बांधा. उभ्या सोडल्या तर शेंड्यालाच वाढ होते, खाली मोकळी जागा राहते. आडव्या फांदीच्या डोळ्याडोळ्यातून फुटवे येऊन दाट जाळी होते.

कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंतचे आतल्या बाजूचे फुटवे काढत राहा. काट्याने बुबुळाला इजा झाली तर दृष्टी जाऊ शकते. छाटणीनंतर पडलेला प्रत्येक तुकडा वेचा; वाळलेला काटा पंजात मोडून आत राहतो आणि पू धरतो.