मुंबईतील फ्लॅटधारकांसाठी वीजबचतीची अनुदाने : सुरुवात कोठून करावी आणि कागद कसे जुळवावेत

घरातील वीज वाचवण्यासाठी काही सवलत मिळते का, याची चौकशी मुंबईत बहुधा एसीच्या दुकानात केली जाते. माझ्या मते ती सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सुरू व्हायला हवी, कारण सरकारी अनुदानातील भरीव रक्कम गच्चीवरच्या सौर संचासाठी आहे आणि या शहरात गच्ची सहसा एकट्याच्या मालकीची नसते. दारामागच्या पंख्या-एसीसाठी मिळणाऱ्या सवलती त्यामानाने लहान असतात. पण त्या लवकर पदरात पडतात, म्हणून त्यांचाही हिशेब पुढे मांडला आहे.

मात्र अर्ज करण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवावीत. बेस्ट, अदानी इलेक्ट्रिसिटी, टाटा पॉवर किंवा भांडुप-मुलुंडकडे महावितरण, यांपैकी कोणाचेही बिल असो, निवासी दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे असतात. वाचवलेले युनिट आपल्या वापराच्या सर्वांत वरच्या, म्हणजेच सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते आणि त्याबरोबर त्यावरचा वहन आकार (वीज आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क) व १६ टक्के वीज शुल्कही वाचते. त्यामुळे एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून जो सरासरी दर निघतो, तो बचतीचा हिशेब करताना वापरू नये. बचत प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्त असते.

सोसायटीचे अनुदान

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. बंगल्यासाठी किंवा गावच्या घरासाठी हे कोष्टक कामाचे आहे. गृहनिर्माण सोसायटीला लागू होतो तो दुसरा भाग : लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे, वाहनांचे चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये. याची मर्यादा प्रत्येक घरामागे ३ किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट अशी आहे. चाळीस सदनिकांची इमारत या नियमाने १२० किलोवॉटपर्यंत जाऊ शकते, परंतु मुंबईत तेवढी मोकळी गच्ची क्वचितच असते.

गच्ची मोजताना एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा धरावी. ‘सावलीविना’ हा शब्द कागदावर सोपा वाटतो. आमच्या गोरेगावच्या इमारतीत पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीन रूम गच्चीच्या नैर्ऋत्येला आहेत. दुपारी तीननंतर त्यांची सावली सरकत सरकत जवळजवळ तिसरा हिस्सा गच्ची व्यापते, आणि डिसेंबरात ती आणखी लांबते. पहिल्या ठेकेदाराने सकाळी अकरा वाजता येऊन मोजमाप घेतले आणि ३० किलोवॉटचा प्रस्ताव दिला. दुसऱ्याला आम्ही मुद्दाम दुपारी चारला बोलावले, तेव्हा तो २० वर आला. पाहणीची वेळ सोसायटीने ठरवावी, हा त्यातला धडा.

वीस किलोवॉटचा हिशेब पाहू. अनुदान ३,६०,००० रुपये होते. मुंबईत एका किलोवॉटमागे वर्षाला सुमारे १,३०० युनिट धरले, तर उत्पादन २६,००० युनिटच्या आसपास जाते. त्यात जून ते सप्टेंबर हे महिने हात आखडते घेणार, हे गृहीतच धरावे. सामायिक मीटरचा वार्षिक वापर याहून कमी असेल तर संचही लहान घ्यावा. नेट मीटरमध्ये दिवसा कंपनीच्या वीजजाळ्यात (ग्रिडमध्ये) गेलेले युनिट पुढच्या वापरातून वळते होतात, तरी वर्षअखेरीस उरणाऱ्या युनिटांच्या कमाईवर मांडलेले गणित सभेपुढे ठेवू नये. शिवाय महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार संचाची क्षमता त्या जोडणीच्या मंजूर भारापेक्षा (कंपनीने मंजूर केलेल्या कमाल किलोवॉटपेक्षा) जास्त असता कामा नये, त्यामुळे सामायिक मीटरचा मंजूर भार बिलावर आधीच पाहून घ्यावा. कमी असेल तर भारवाढीचा अर्ज प्रथम करावा लागतो. १० किलोवॉटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतून २०२४ च्या केंद्रीय नियमबदलाने सूट मिळाली आहे. त्याहून मोठ्या संचांची तपासणी वीज कंपनी करते.

कागदांचा क्रम

सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्रपणे घालावा, संचाची क्षमता, अंदाजे खर्च आणि पैसे कोणत्या निधीतून येणार हे तिन्ही ठरावातच लिहावे, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत तयार ठेवावी. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यास संरचनात्मक तपासणीचा अहवाल आधी पाहावा. गच्चीची गळती दुरुस्त करायची असेल, तर ती संच बसवण्यापूर्वीच करावी. नंतर सांगाडे उचलून डांबर किंवा लेप लावणे दुप्पट खर्चाचे होते.

यानंतर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि बिल देणारी कंपनी निवडून नोंदणी करावी. येथेच आमचे घोडे अडले. सामायिक मीटर अजून बिल्डरच्या नावावर होते, बँक खाते सोसायटीच्या नावावर, आणि या दोन नावांचा मेळ बसेना. मीटरचे नाव बदलून घेण्यात चार महिने गेले, तोवर दोन ठेकेदारांचे दरपत्रक मुदतबाह्य झाले. बिलावरचे, बँक खात्यावरचे आणि सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव अक्षरशः एक आहे का, एवढे पाहण्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्यांपैकी किमान तिघांकडून लेखी दर मागवावेत. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीच्या सौर सेलचे असावे लागते. विदेशी सेलचा स्वस्त प्रस्ताव आला तर त्यात अनुदान धरता येत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत सांगाडा जस्तलेपित आहे का आणि वाऱ्याचा जोर धरून त्याचे आरेखन केले आहे का, हे करारात लिहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्याआधीचे दरपत्रक तुलनेला वापरू नये. संच बसला, नेट मीटर लागला आणि वीज कंपनीची पाहणी झाली की पोर्टलवर कार्यान्वयनाचे प्रमाणपत्र मिळते. मग बँकेचा तपशील भरल्यावर अनुदान थेट खात्यात येते. ठेकेदाराचे बिल त्याआधी चुकते करावे लागत असल्याने तेवढी तरतूद हाताशी असावी. ‘सबसिडी मंजूर करून देतो’ म्हणून फोनवर आगाऊ शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

पागडीच्या घरात किंवा चाळीत गच्ची घरमालकाची असल्याने हा मार्ग बहुधा बंदच असतो. त्यांनी पुढचा भाग पाहावा.

दारामागच्या सवलती

वीज कंपन्यांना मागणी कमी करण्याचे कार्यक्रम राबवता यावेत, यासाठी वीज नियामक आयोगाने विनियम केले आहेत. त्यांखाली मुंबईतील कंपन्या वेळोवेळी जुना पंखा, फ्रिज किंवा एसी देऊन तारांकित (स्टार लेबलचे) उपकरण सवलतीत घेण्याच्या योजना आणतात. या योजना मुदतीच्या असतात आणि ठराविक मॉडेलांपुरत्याच चालतात, म्हणून आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालू योजना पाहून त्याच मॉडेलचा बाजारभावही विचारावा. सणासुदीच्या दिवसांत दुकानाचा भाव योजनेच्या भावापेक्षा खाली गेलेला मी पाहिला आहे. बिनव्याजी हप्ता ही सोय आहे. सवलतीच्या रकान्यात तो धरू नये.

सर्वांत निश्चित परतावा पंख्याचा. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला जवळपास २४५ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी १,९६० रुपये होतात. छताच्या पंख्यांवर तारांकन जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे, त्यामुळे लेबल नसलेला नवा पंखा विकत घेऊ नये.

एसीच्या लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून दिलेला असतो. आपण मार्च ते जून आणि ऑक्टोबर अशा दीडशे रात्री आठ तास लावत असलो, तर १,२०० तास होतात आणि लेबलवरचा आकडा तीन चतुर्थांश करावा लागतो. समजा तीन ताऱ्यांच्या (थ्री-स्टार) आणि पाच ताऱ्यांच्या यंत्रांत लेबलनुसार २०० युनिटांचा फरक आहे. आपल्यापुरता तो १५० युनिटांचा ठरतो आणि युनिटला १० रुपयांनी वर्षाला १,५०० रुपये वाचतात. किमतीतला फरक सवलत वजा जाता ६,००० असेल, तर चार वर्षांत वसूल होतो. एसी फक्त मे महिन्यात लावणाऱ्या घराने पाच ताऱ्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, मग सवलत कितीही गोड दिसो. एसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो लाभ बिलात वेगळा दिसतो का ते पाहावे. लेबलवर कालावधी छापलेला असतो, आणि निकष मधूनमधून कडक होत असल्याने गोदामात पडून असलेल्या जुन्या पाच ताऱ्यांची नव्या पाच ताऱ्यांशी बरोबरी होत नाही.

जुने उपकरण बदलून देताना ते कोणी नेले याची पावती मागावी. नाहीतर तोच जुना फ्रिज गल्लीच्या टोकाला कोणाच्या तरी घरी पुन्हा चालू झालेला दिसतो.

सोसायटीच्या अर्जाबाबत एक बारीकशी खबरदारी : पोर्टलवर मोबाइल क्रमांक नोंदवताना सचिवांचा वैयक्तिक क्रमांक देऊ नये, सोसायटीच्या नावावर वेगळे सिम घ्यावे. आमची निवडणूक मधेच झाली आणि अनुदानाच्या शेवटच्या टप्प्याचा ओटीपी माजी सचिवांना पुण्यात फोन करून मागवावा लागला.